लाल रेषेतली पक्कड

काल मोर्च्याचे फलक रंगवताना लाल ऑइलपेंटचा वास नाकात शिरला आणि मी थेट चंदीगडच्या आमच्या गॅरेजमध्ये पोचले.

आईनं तिथं भिंतीवर प्लायवूड ठोकलं होतं. प्रत्येक अवजार आपापल्या खिळ्यावर आणि त्याभोवती लाल रंगात त्याचाच आकार. काय जागेवर नाही, ते लगेच दिसायचं. शेजारचे गुरबचनअंकल आणि आई तिथं गल्लीतले पंखे दुरुस्त करत.

ते पंजाबातल्या दहशतीचे दिवस. एका दुपारी फौजदार हवालदाराला घेऊन आला. त्या सकाळी कोपऱ्यावरची टेलिफोनची तार कुणीतरी कापली होती. संशय अंकलवर. पुरावा? पगडी! सगळी अवजारं जागेवरच आहेत म्हणत आईनं तावातावानं बोर्ड दाखवला, तर नेमका एकच आकार रिकामा होता, तार कापायच्या पकडीचा.

“चलो सरदारजी, थाने.”

सायकलची बास्केट बांधायला पक्कड मीच नेली होती आणि परत ठेवली नव्हती. धावत जाऊन आणली, खिळ्याला अडकवली. लाल रेषेत चपखल बसली.

“सुबह से मेरे पास थी!” मी ओरडले.

अंकल माझ्याकडे बोट दाखवत म्हणाले, “लो जी, अब इसे पकड़ो. साइकिल भी ले जाना.”

हवालदारालाच हसू फुटलं.

तेव्हा मला फक्त आईच्या ओरड्याची भीती वाटली होती. आज संताप येतो. निर्दोष माणसानं निर्दोषपणा भिंतीवर टांगून दाखवायचा? पण त्या दुपारी पोलिसांची जीप रिकामी परत गेली, आणि अंकल आमच्याच स्टुलावर बसून अर्धा राहिलेला पंखा जोडू लागले.