दादाच्या नावावर मागितलेले पंधरा दिवस

“ताप आलाय असं म्हणू नकोस,” कर्णिक साहेब म्हणाले. “खाली आपला डॉक्टर बसलाय. आत्ता थर्मामीटर लावून घेईन.”

मी नेमकं तेच म्हणणार होतो.

शुक्रवार होता आणि परीक्षा रविवारी. सरकारने विमा ताब्यात घेण्याआधीची ही गोष्ट. आमच्या कंपनीचा नियम असा की, आधी कंपनीची परीक्षा पास व्हायची, मगच एजंटच्या लायसन्सचा अर्ज ठाणे ब्रँचमधून पुढे जायचा. परीक्षक मुंबईच्या हेड ऑफिसातून यायचे.

मी मराठी सातवीतून शाळा सोडलेली. गाव खानदेशात, यावलच्या पुढे. कर्णिक साहेब आमचे ब्रँच मॅनेजर. त्यांनी मला शिपाई म्हणून ठेवलं आणि वर्षभरात स्वतःच म्हणाले, “लोकांशी बरा बोलतोस तू. एजंट हो.” माझं शिक्षण कमी, म्हणून हेड ऑफिसला स्वतःच्या हाताने शिफारस लिहिली. माझ्यासाठी एवढं कुणी केलं नव्हतं. त्यामुळेच नापास व्हायची धास्ती. माझ्यामुळे साहेबांना मान खाली घालावी लागली असती.

“मग? का नको रविवार?” साहेबांनी विचारलं.

“गावाहून पत्र आलंय साहेब. थोरला भाऊ गेला.”

तोंडातून कसं निघालं, मला आजही सांगता येत नाही. दादा तेव्हा ठणठणीत होता. शेतात असेल, नाहीतर बैलांना पाणी दाखवत असेल.

साहेब उठून उभे राहिले. “अरे! मग इथे काय करतोस? गावी जा.”

“पत्र उशिरा आलं. दिवस होऊन गेले.”

त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. तिथेच हेड ऑफिसला फोन लावला आणि पाचही उमेदवारांची परीक्षा पंधरा दिवस पुढे ढकलली. संध्याकाळी त्यांच्या घरून माझ्यासाठी डबा आला.

उमेदवारांत एक लिमये बाई होत्या. डोंबिवलीच्या शाळेत शिकवायच्या. यजमान वारलेले, दोन मुली. मीही डोंबिवलीतच, मानपाड्याच्या रस्त्याला एका खोलीत चौघांबरोबर राहायचो. बाई म्हणाल्या, “दुःखात वाचलेलं डोक्यात राहत नाही, मला ठाऊक आहे. शाळा सुटली की या माझ्याकडे.”

गेलो. नाही कसं म्हणणार?

त्यांच्या ओट्यावर बसून मी विमा शिकलो. इंग्रजी शब्दांची माझी खिचडी व्हायची. त्या शाळेतलीच उदाहरणं द्यायच्या. “फी थकली, पटावरून नाव गेलं. पॉलिसीचंही तसंच. पहिल्या वर्षा-दोन वर्षांतच हप्ता थकला की लॅप्स. आता समजा, चौथी पास होऊन मुलाने शाळा सोडली. चौथीपर्यंतचं शिक्षण तर त्याचंच राहतं ना? तसं काही वर्षं भरून मग हप्ते थांबले तरी भरलेल्या हप्त्यांपुरता विमा राहतो. त्याला पेड-अप म्हणायचं.”

“म्हणजे बाई, मी सातवीचा पेड-अप.”

“जमलं की हो चौधरी!” त्या हसल्या. मीही हसलो. मग त्या हळूच म्हणाल्या, “बरं झालं, हसलात एकदाचे.”

त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

परीक्षेत लेखी पेपर बरा गेला. मग तोंडी. परीक्षकांनी कोरा प्रपोजल फॉर्म पुढे सरकवला. विमा घेणाऱ्याने सही करून द्यायचा हा अर्ज. “पहिलं गिऱ्हाईक आपण स्वतः. भरा स्वतःचा.”

नाव, वय, धंदा भराभर लिहिलं. पुढे घराण्याचा रकाना. भावंडं हयात किती? मयत किती? कितव्या वर्षी गेली, कशाने? त्यावरून कंपनी तुमच्या आयुष्याचा अंदाज बांधते. चुलत्या-मामांचा रकाना फॉर्मात नसतो. हे आधी माहीत असतं, तर मी मामाला मारलं असतं.

शेजारी बसलेले कर्णिक साहेब परीक्षकांकडे झुकून म्हणाले, “त्याचा भाऊ नुकताच गेलाय. एवढा रकाना सोडू या.”

“रकाना सोडला की फॉर्म परत येतो, कर्णिक.”

मी टाक बुडवला. ‘विषमज्वर’ लिहायचं मनाशी ठरवलं. तोंडाने बोलून झालंच होतं, लिहायला काय होतं? पण हात चालेना. दादाचं वय घालायचं आणि पुढे आजार लिहायचा! शेवटी लिहिलं: भाऊ हयात एक, वय बत्तीस, प्रकृती उत्तम.

“अरे, चुकलास,” साहेब म्हणाले.

“नाही साहेब. बरोबर आहे.”

परीक्षकांनी चष्मा काढला. “मग वारलं कोण?”

“कुणी नाही. माझी तयारी झाली नव्हती.”

परीक्षकांनी चष्मा पुन्हा लावला, फॉर्म वाचला. मग म्हणाले, “फॉर्म अचूक आहे. नाव पुढे पाठवायचं का, ते तुम्ही ठरवा.”

“नाही,” कर्णिक साहेब म्हणाले. माझ्याकडे न बघता.

बाहेर बाकावर लिमये बाई त्यांच्या नंबराची वाट बघत होत्या. “कशी झाली?” मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं. पदर सारखा केला.

“आमचे हे गेले, तेव्हा तेरावा झाला आणि दुसऱ्या दिवशी मी वर्गात उभी होते,” त्या म्हणाल्या. “मला वाटलं, चला, कुणाला तरी सवड मिळाली.”

त्यांची टिपणांची वही माझ्याकडे होती, ती मी पुढे केली.

“असू दे. पुढच्या खेपेला लागेल तुम्हाला.”

त्या पहिल्या आल्या. मी सहा महिन्यांनी पुन्हा बसलो, पास झालो. साहेबांनी अर्जावर सही केली, लायसन्स हातात दिलं. “अभिनंदन, चौधरी. नीट काम करा.” पहिल्या परीक्षेपर्यंत ते मला अरे-तुरे करायचे. त्यानंतर ते रिटायर होईपर्यंत अहो-जाहो. ऑफिसात लोकांना वाटायचं, साहेब चौधरीला केवढा मान देतात!

नव्या एजंटांना मी एकच सांगतो. तयारी झाली नसेल तर झाली नाही म्हणावं. साहेब ओरडतात, माणूस नापास होतो. दोन्ही गोष्टी सहा महिन्यांत भरून निघतात.