चोख दूध, लाल तोंड

तुमच्यापैकी कुणाचं तोंड उगाचच लाल होतं का? माझं होतं. चार लोकांत कुणी नुसतं नाव विचारलं तरी होतं.

आज सकाळी पणदऱ्यात डेअरीवर दूध घालायला गेले. रांगेत पंधराएक जण होते. डेअरीचे सचिव सगळ्यांना म्हणाले, "कुणीतरी दुधात पाणी घालतंय. वरनं तक्रार आलीय."

झालं! मी थेंबभर पाणी घातलेलं नव्हतं, तरी कानापासून मानेपर्यंत सगळं तापलं. मागून एक बाई ओरडली, "हिचं तोंड बघा की!" सगळ्यांनी बघितलं. मग तर आणखीच लाल झालं.

एरवी मी मान खाली घालून घरी आले असते. पण आज निघाले असते तर चोरच ठरले असते. दुधाची किटली पुढे केली आणि म्हणाले, "माझं तोंड लहानपणापासनं असंच हाय. तुमी दूध तपासा."

सचिवांनी तिथंच तपासलं. दूध चोख निघालं. ती बाई मात्र 'चुकलं' काही म्हणाली नाही.

निघताना रांगेतले म्हातारे तात्या हळूच म्हणाले, "सूनबाई, माझंबी असंच हुतं. मी काळा, म्हणून कुणाला दिसत न्हाय. पर त्या भ्यानं आजवर ग्रामसभेत एकदाबी बोललो न्हाय."

तेव्हापासून घरात नुसत्या येरझाऱ्या घालतेय. संध्याकाळी पुन्हा त्याच रांगेत उभं राहायचंय. जाणार आहे.

या भीतीपायी तुमचं काय बोलायचं राहून गेलंय?