माळावर उतरलेली सावली

मी जन्मभर शाळेत शास्त्र शिकवलं. मुंजा, हडळ, चकवा असलं काही कुणी सांगायला लागलं, की मी उठून चहा टाकायला जायचे. आजही जाते. त्यामुळे इथे लिहावं की नाही, यावर बराच विचार केला... पण तुमचे सगळ्यांचे अनुभव वाचताना वाटलं, आपणही एकदा सांगून मोकळं व्हावं. घाबरण्यासारखं यात काही नाही. भर उन्हातली गोष्ट आहे, आणि तिची आठवण आली की मला अजून बरंच वाटतं.

बहात्तरच्या दुष्काळातला उन्हाळा, म्हणजे त्र्याहत्तर साल. माझं माहेर नगर शहरातलं, नोकरीही तिथेच. सासर श्रीगोंदा तालुक्यात, काष्टीपासून बैलगाडीच्या वाटेवरचं एक लहानसं गाव. गावाच्या पश्चिमेला मोठा माळ. सगळा मुरूम, मधूनमधून तरवड, बोरी आणि निवडुंग. त्या वर्षी तर तरवडसुद्धा वाळला होता. गावात सरकारी दुष्काळी काम निघालं होतं, पाझर तलावाचं. सगळं गाव सकाळी पाट्या-टिकाव घेऊन तिकडेच असायचं.

लग्नाला वर्षही झालं नव्हतं. सुट्टी लागली म्हणून मी सासरी आले होते. घरात आम्ही तिघंच – मी, माझे मिस्टर आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्या म्हणायचे. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, माणूस आवाजावरून ओळखायच्या. पण हात असे चालायचे, की भाकरी थापताना बघत राहावं.

एका संध्याकाळी जेवताना मिस्टर सहज म्हणाले, "आता बांधाला माती पश्चिमेच्या माळावरची उचलणार हायेत."

आत्यांचा घास हातातच राहिला. "पश्चिमंची? इमान पडलं तिकडची?"

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. विमान? या गावात?

"व्हय गं, इमान. तुला सांगितलंच न्हाई कुणी," आत्या म्हणाल्या. "लढाई चालली हुती तवा. ह्यो पोटात हुता माझ्या. शिकाऊ पोरं यायची बघ इमान घिऊन, रोज. वर घिरट्या घालायची. आमी खालनं हात करायचो, ती बी वरनं हात करायची. लई खाली यायची कदी कदी. त्या दिशी मी गवताला गेल्ते. एकाएकी आवाज खोकल्यावानी झाला, इमान लटालटा थरथरलं, आन आलं की नाकावर."

"आणि आतला माणूस?"

"मानूस कुठला, पोरगंच ते. मिसरूड बी धड फुटलं नव्हतं. आपल्यावानीच सावळं. बाजूला फेकलं गेल्तं. काय बोलत हुतं ते मला उमगलं न्हाई, पर पाणी मागायला भाषा कशाला लागती? माझ्याजवळ मोग्यात पाणी हुतं, पाजलं. डोकं मांडीवर घेतलं. जरा वेळानं... गेलं."

मग लष्कराचा ट्रक आला. त्या मुलाला आणि विमानाचे तुकडे घेऊन गेला. पुढे त्याचं नाव काय, गाव काय, कुणालाच कळलं नाही.

आत्यांना तिथे एक दगड ठेवायचा होता, एवढंच. वाटेत गेलेल्या माणसालाही आपल्याकडे दगड असतो, मग या लेकराला का नसावा, असं त्यांचं म्हणणं. तेव्हा त्या गरोदर, म्हणून त्यांच्या सासूने पुन्हा माळावर जाऊ दिलं नाही. नंतर मुलंबाळं, शेत, मोट... राहून गेलं. "आता माती उचलल्यावर मी दगड ठिवू कुटं?" त्या म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, पण त्या रात्री त्या जेवल्या नाहीत.

दुसऱ्या दिवसापासून आमची शोधाशोध सुरू झाली. मिस्टरांनी गावातल्या म्हाताऱ्यांना गाठलं. प्रत्येकाने वेगळी जागा दाखवली, आणि एकाने तर दोन दाखवल्या! आत्यांची खूण म्हणजे एक मोठी हिवराची झाडी, ती कधीच तुटून सरपणाला गेलेली. त्यांना हाताला धरून मी माळभर हिंडवायचे. त्या थांबायच्या, पायाने चाचपायच्या, मान हलवायच्या. "न्हाई गं. हितं उतार हुता." पुन्हा पुढे. मला खरं सांगायचं तर मजा वाटायला लागली होती. नव्या सुनेला सासूशी काय बोलावं हे कळत नाही, आणि इथे आम्ही दोघी रोज सकाळी मैत्रिणींसारख्या फिरत होतो. त्यांच्या लग्नाच्या, माझ्या कॉलेजच्या, कसल्या कसल्या गप्पा. पण जागा काही सापडेना. आणि एक दिवस टिकावांचा आवाज अगदी जवळ आला.

त्या सकाळी मिस्टर मुकादमाला भेटायला गेले, एक दिवस तरी ही बाजू सोडा म्हणून सांगायला. आम्ही दोघी न्याहारी करून माळावर आलो. ऊन अजून पाठीवर होतं, म्हणजे तोंड पश्चिमेला. वारा नाही. काम बरंच मागे, बायकांचं बोलणं अस्पष्ट ऐकू येत होतं.

तेवढ्यात आमच्या अंगावरून सावली गेली.

आत्या एकदम थांबल्या. चेहरा वर करून म्हणाल्या, "ढग आला का गं?"

त्या उन्हाळ्यात सावली म्हटली की माणसाच्या मनात दुसरं काय येणार! मीही आशेनेच वर पाहिलं. आकाश कोरं. ढग नाही, घार नाही, काहीही नाही. खाली पाहिलं तर सावली आमच्या पुढे निघालेली... सरळ पश्चिमेकडे.

ती ढगाची नव्हती. पक्ष्याचीही नव्हती. लांबट अंग, मागे शेपूट, आणि आडवे पंख – पण एक जोडी नाही. एकामागे एक, दोन काळे पट्टे. आधी कडा पुसट होत्या, मग हळूहळू रेखीव होत गेल्या. वर्गात मी हेच शिकवायचे, की वस्तू जमिनीच्या जवळ आली की सावलीची कड ठळक होते. म्हणजे जे काही होतं, ते खाली येत होतं. पण वर काही नव्हतंच! आवाज नव्हता. पाचोळासुद्धा हलला नाही. सावली अलगद सरकत गेली, हळू झाली, एका बोरीच्या अलीकडे थांबली. क्षणभर तिथे होती. मग नव्हती.

मी भ्याले का? नाही. याचंच मला अजून आश्चर्य वाटतं. पाळण्यातलं मूल झोपलेलं पाहून जसं शांत वाटतं, तसं काहीसं वाटलं.

"आत्या, इथेच थांबा," म्हणाले आणि धावले. सावली थांबली त्या जागी खूण करायला हातात काही नव्हतं, म्हणून पायातली चप्पल काढून ठेवली. मग तापत्या मुरमावरून अनवाणी परत येताना पाय असे पोळले, की विचारू नका. आत्यांना धरून तिथे नेलं. त्यांनी पायाने जमीन चाचपली, एकदा इकडे, एकदा तिकडे. मग खाली बसल्या आणि दोन्ही तळवे जमिनीवर ठेवले.

"हितंच," त्या म्हणाल्या. "ह्यो उतार. हितंच बसले हुते मी."

मिस्टर आले तेव्हा मी त्यांना सावलीचं काही बोलले नाही. आत्यांना जागा ओळखू आली, एवढंच सांगितलं. त्यांनी पहार आणली. थोडं खणल्यावर आधी एक चेपलेला, वेडावाकडा गोळा निघाला. ते म्हणाले, "हे तर जर्मन हाय." आमच्याकडे ॲल्युमिनियमच्या भांड्याला जर्मनचं भांडं म्हणतात.

आत्या दचकल्या. "जर्मनानं पाडलं व्हय रं त्याला?"

आम्ही दोघं खूप हसलो, आणि कळल्यावर आत्याही हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी पदर डोळ्याला लावला. मग एक पितळी बक्कल निघालं, पट्ट्याचं, त्याला कुजक्या कापडाचा धागा चिकटलेला. ते आत्यांनी हातात धरून ठेवलं, कुणाला दिलं नाही.

मुकादम बघायला आला होता. त्याने डोक्याचा पटका काढला आणि कामावरच्यांना ओरडून सांगितलं, "हितली माती घ्यायची न्हाई." दगड चार बायांनी मिळून आणला. बक्कल आत्यांनी पुन्हा खड्ड्यात ठेवलं, वर दगड उभा केला, कुंकू लावलं आणि तांब्याभर पाणी घातलं. त्या दुष्काळात तांब्याभर पाणी म्हणजे काय, ते त्या काळातल्या लोकांनाच कळेल.

पुढच्या पावसाळ्यात तलाव भरला आणि दगड पाण्याखाली गेला. मला वाईट वाटलं. आत्या मात्र बांधावर बसून म्हणाल्या, "बरंच झालं की. आता लागंल तेवढं पाणी हाय त्याला."

शाळा सुरू झाल्यावर नगरला आमच्या शेजारच्या एका निवृत्त फौजी काकांना मी सावलीचं चित्र काढून दाखवलं. कुठे, कसं पाहिलं ते सांगितलं नाही. ते म्हणाले, "हे जुनं ट्रेनिंगचं विमान. दोन मजली पंखांचं. तू कुठे पाहिलंस पोरी? ही कधीच मोडीत निघाली." मी तोवर असलं विमान चित्रातही पाहिलेलं नव्हतं. आणि आत्यांनी पंखांचं नावही काढलं नव्हतं. नंतर विचारलं तर म्हणाल्या, "व्हय, दोन दोन हुते. सांगायचं ऱ्हायलंच बघ."

घरच्या इंजिनियर मंडळींनी नंतर बरीच कारणं दिली. मृगजळ, घार, उन्हाची तिरीप, आत्यांचं ऐकून माझ्या मनात तयार झालेलं चित्र. मीही एकेक तपासून पाहिलं. चित्र मनातलं म्हणावं, तर मोतीबिंदू झालेल्या बाईला अंगावरून सावली गेल्याचं माझ्या आधी कसं कळलं? सावली पडायला मध्ये काहीतरी असावं लागतं, आणि मध्ये काही नव्हतं. यापुढे माझं शास्त्र जात नाही. उत्तर नाही, आणि आता मी ते शोधतही नाही.

त्या दिवशी मला नेमकं काय दिसलं, ते मी आत्यांना बरीच वर्षं सांगितलं नव्हतं. त्या थकल्यावर, शेवटच्या उन्हाळ्यात, अंगणात बाजेवर पडल्या होत्या तेव्हा सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. सावली कुठून आली, कशी गेली, कुठे थांबली. आश्चर्य म्हणून अजिबात नाही. मग विचारलं,

"थरथरत हुतं का गं?"

"नाही आत्या. अगदी सरळ गेलं."

"आन उतरलं नीट?"

"हो. अलगद उतरलं."

"मग झालं," त्या म्हणाल्या, आणि कुशीवर वळून झोपल्या.