शूटिंगच्या काकू

शूटिंगच्या काकू कुणासाठी बाजूला सरकत नसत. लग्नाच्या मांडवात अगदी पुढे, नवरा-नवरीच्या तोंडासमोर, खांद्यावर तो जड कॅमेरा घेऊन त्या उभ्या राहायच्या आणि मागून कुणी "अहो, आम्हाला दिसंना" म्हणून ओरडलं तर वळूनही पाहायच्या नाहीत.

मी कॉलेजला लातूरला मावशीकडे राहायचे आणि काकू समोरच्याच घरात. त्यांचे यजमान लग्नांचं शूटिंग करायचे. ते अचानक गेले तेव्हा घरात कॅमेरा होता, तारखा दिलेली गिऱ्हाइकं होती आणि कॅमेरा उचलणारं दुसरं कुणी नव्हतं. काकूंनी तो उचलला. विधवा बाई मांडवात मिरवते, यावर गल्लीत खूप बोललं गेलं. मावशीच्या नणंदेच्या लग्नात तर एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी स्पष्टच सांगितलं, "बाई, अक्षता पडेपर्यंत तेवढं बाजूला थांबा."

काकूंनी कॅमेऱ्यातून डोळा न काढता विचारलं, "बाजूला थांबल्यावर बाजूचंच शूटिंग येतंय. नवरदेव पायजे का नको कॅसेटमधी?"

नवरदेवच हसला. ते हसू त्या कॅसेटमध्ये आहे.

पुढे कॅसेटी बंद पडल्या. मोबाइलवर जो तो शूटिंग करायला लागला. काकूंच्या दिराने शूटिंगचं दुकान मोडायला सांगितलं. त्यांनी दुकान मोडलं नाही, पाटी बदलली. 'जुन्या कॅसेट पेनड्राइव्हवर करून मिळतील.' लातूरच्या गोलाई चौकामागच्या बोळात ते दुकान चालू राहिलं. "गेली" हा शब्द त्यांना तिथे चालायचा नाही. कुणी म्हणालं, "कॅसेट गेली वाटतं काकू," की त्या चिडायच्या. "कुठं गेली? हातात तर हाय तुमच्या!"

मी त्यांच्याकडे एक कॅसेट घेऊन गेले ती फार वर्षांनी, लग्न होऊन नांदेडला स्थायिक झाल्यावर. माझी आई मी पाच वर्षांची असताना वारली. तिचा चेहरा मला फोटोतलाच आठवतो. अमेरिकेतून आलेल्या मामाने लोह्याला आजोळच्या घरी एकदा शूटिंग केलं होतं, ती कॅसेट मामीने मला दिली. नांदेडच्या दोन दुकानांत दाखवली. एकाने नुसत्या हलत्या पट्ट्या दाखवल्या. दुसऱ्याने सांगितलं, "ताई, खराब झालीय. टाकून द्या."

काकूंनी कॅसेट उघडून फीत पुसली, पुन्हा लावली. कॉम्प्युटरवर चित्र वरून खाली धावत होतं, रंग नव्हता, आवाज तुटत होता. त्यांनी मशीनचं हेड साफ केलं, वायर बदलली. तरी तेच. दुपार होत आली तसा माझा धीर सुटला. "राहू द्या काकू."

"गप बस जरा. शूटिंग कुणी केलतं म्हनलीस?"

"मामाने. अमेरिकेहून आला होता."

"कॅमेरा कुनाचा? त्याचाच का?"

"हो, तिकडूनच आणलेला."

काकूंनी कपाळावर हात मारला. "मग आधी सांगायचं न्हाई का! आपली चित्राची पद्धत हाय पाल अन् तिकडची एनटीएससी. दोन्हीत चित्राच्या रेघा येगळ्या, येग येगळा. कॅसेट धडधाकट हाय. आपलं मशीनच येड्यासारखं वाचायलंय."

कॉम्प्युटरवरची सेटिंग बदलताच चित्र थांबलं. पण ते काळं-पांढरंच होतं. पाटावर बसलेली एक तरुण बाई. ती आई होती. मला रडू फुटलं आणि मी म्हणाले, "एवढं पुरे आहे काकू, एवढंच करून द्या."

"न्हाई देत," काकू म्हणाल्या. "एवढ्याशावर खूश व्हायचं, ही सवय लावली आपल्याला लोकांनी. मला न्हाई लागली."

त्यांनी जड व्हीसीआर ओढून उलटा फिरवला. मागच्या बाजूला एक बारीकसा खटका होता. मशीन बाहेर कोणत्या पद्धतीचं चित्र देणार, ते त्याच्यावर ठरत होतं. तोही बदलला. फीत पुन्हा सुरुवातीपासून लावली.

आईची साडी जांभळी होती. अंगणात ती कुरडया घालत होती आणि मागून आजीचा आवाज आला, "अगं, शूटिंग चाललंय, डोक्यावर पदर घे."

"न्हाई घेत," आई म्हणाली. "हात चिकात हायत माझे. अन् तू रे, नुसता कॅमेरा धरून काय उभा राहिलास? ती खाट वढ इकडं!"

मी लहानपणापासून ऐकत आले होते, तुझी आई फार गरीब, तोंडातून कधी शब्द निघाला नाही. सांगणारे सगळे घरचेच. काकू मांडीवर थाप मारून हसल्या. "ही तर माझ्याच वळनाची निघाली की गं!" त्या दिवशी आईचं ते वाक्य आम्ही दोघींनी पुन्हा पुन्हा ऐकलं. माहेरी गेल्यावर मी ते सगळ्यांना मोठ्या आवाजात ऐकवलं.

गेल्या वर्षी काकू दवाखान्यात असल्याचं मावशीने कळवलं. मी भेटायला गेले तेव्हा बोलताना त्यांना धाप लागत होती. वॉर्डातल्या भिंतीवर टीव्ही चालू होता. त्यातली माणसं आडवी ताणलेली दिसत होती, सगळ्यांचे चेहरे भोपळ्याएवढे.

"आल्यापासून सांगायलेय," काकू म्हणाल्या, "कुनी ऐकना. स्टूल घे अन् चढ."

नर्स म्हणाली, "आजी, तो पहिल्यापासून असाच आहे."

"म्हनून काय असाच ठेवायचा?"

रिमोट हरवलेला होता. मी स्टुलावर चढून टीव्हीच्या कडेची बटणं चाचपत राहिले आणि काकू खाटेवरून सांगत राहिल्या. शेवटी चित्र दोन्ही बाजूंनी आत आलं, चेहरे माणसांसारखे झाले. समोरच्या खाटेवरची म्हातारी उठून बसली. "अगं बया, टीव्हीतली ही पोरगी एवढी नाजूक हाय व्हय!"

काकू त्याच आठवड्यात गेल्या. त्यांची पिशवी आणायला मी वॉर्डात गेले, तेव्हा त्यांच्या खाटेवर दुसरी बाई होती. टीव्ही चालू होता. कुणीतरी आवाज कमी करायला स्टूल ओढत होतं आणि समोरची म्हातारी खाटेवरून ओरडत होती, "आवाजाचं बटन तेवढं दाब. बाकी कशाला हात लावचील तर बघ!"