नवसूदादाचा बिनसाखरेचा चहा

नवसूदादा कुणाच्याही हातात उंबऱ्यावरून पत्र देत नसे. आधी ओट्यावर बसायचा, पिशवी मांडीवर घ्यायचा, चहा आला की शेवटच्या घोटापर्यंत संपवायचा आणि मगच पत्र बाहेर काढायचा. खोडाळ्याजवळच्या एका लहान गावातली टपाल शाखा मी सांभाळते आणि तो माझा एकुलता एक पोस्टमन. त्यामुळे चार पाड्यांवर टपाल वाटायला अख्खा दिवस का लागतो, याचं उत्तर वरच्यांना मीच द्यायची. त्याला विचारलं तर म्हणायचा, "आधी पत्र दिला आन् बातमी वाईट निघाली, तं मंग चहा कोन करील?" मी कपाळाला हात लावायची.

बरं, चहा तरी कसला, तर कोरा. पाड्यावर रोज दूध कुठलं? गवती चहाची पात आणि साखर. पाहुणा जितका जवळचा तितकी साखर जास्त, हा इथला रिवाज. नवसूदादा सगळ्यांनाच जवळचा, म्हणजे त्याच्या कपात नुसता पाक.

दोन वर्षांपूर्वी त्याच्या पायाच्या अंगठ्याची जखम भरेना. मीच ओढून त्याला जव्हारच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सरळ सांगितलं, साखर थांबली नाही तर अंगठा जाईल आणि तरीही थांबली नाही तर जीव. परतीच्या जीपमध्ये मी पोटतिडकीने बोलत होते आणि हा बाहेर कुणाच्या शेतात नागली कशी आली आहे ते बघत होता. मोखाडा आल्यावर म्हणाला, "अंगठा माझा हाय ताई, पन चहा त्यांचा हाय. त्यांना नाय कसा बोलू?"

मी मुळात शांत बाई नाही. त्या दिवसापासून तर त्याला वाचवणं हे माझं दुसरं खातंच झालं.

ठाण्याला नोकरी करणारी माझी भाची दिवाळीला आली, तिने चिनी फुलांच्या चहाचं पाकीट आणलं. आत वाळवलेली बारकी शेवंती. दूध नाही, साखर नाही, चहाची पूडसुद्धा नाही. "मावशी, उकळायचं नाही हं. काचेच्या ग्लासात दोन-तीन फुलं, वरून गरम पाणी आणि थांबायचं," ती म्हणाली. थांबणं मला कधी जमलेलं नाही. पण त्या सकाळी स्वयंपाकघरातल्या पाटावर बसून थांबले. फूल पाण्यात फुगलं, पाकळ्या एकेक करून सुटल्या, पाणी पिवळसर झालं. घोट घेतला आणि बरं वाटलं. कशाला घाई करायची असंसुद्धा क्षणभर वाटलं. हाच चहा नवसूदादाच्या गळी उतरवायचा, हे तिथेच ठरवलं.

उरलेलं पाकीट त्याला दिलं, कसा करायचा तेही तीनदा सांगितलं. पण फुलं म्हटल्यावर त्याच्या बायकोला, सुंदरवहिनीला, शिजवून खायची मोहाची फुलं आठवली. तिने हीही तशीच चुलीवर रटारटा शिजवली. कडूजहर झाली. मग नवरा-बायकोने विचार केला की कडू आहे तर कडूकंदासारखं करावं. रानातला कडूकंद आमच्याकडे उकडून वाहत्या पाण्यात ठेवतात, म्हणजे त्याचा कडूपणा निघून जातो. पाकिटातली राहिलेली सगळी फुलं फडक्यात बांधून दिवसभर ओहोळात, दगडाखाली. दुसऱ्या दिवशी हा गृहस्थ ओला लगदा घेऊन माझ्या टेबलासमोर हजर.

"आथां कडू नाय लागत, ताई."

"कसा लागेल? सगळा चहा ओहोळाने पिऊन टाकला ना."

दोन दिवस मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले. तिसऱ्या दिवशी भाचीला फोन करून दुसरं पाकीट मागवलं.

या वेळी पाकीट हातात दिलंच नाही. रविवारी त्याला घरी बोलावलं, पाटावर बसवलं, ग्लास समोर ठेवला आणि दरडावलं, "हात लावायचा नाही. नुसतं बघा." तो बघत बसला. फूल उघडायला लागलं तसा वाकून जवळ गेला. पाणी कोमट होईपर्यंत तसाच वाकलेला. मग सावकाश प्याला. "तोंडाला फारसा काय कळत नाय," तो म्हणाला, "पन बसाय बरा वाटतं." आणि ग्लास पुढे केला. "आजून पानी घाल. फुलात जीव हाय आजून."

पुढे वहिनीच सांगायची, रोज सकाळी ओट्यावर ग्लास घेऊन बसतात, फूल उघडेपर्यंत कुणाला ओ देत नाहीत. घरातली साखर खरंच बंद झाली. मला वाटलं, जिंकले.

पण रक्तातली साखर काही हलेना. "वाटेत पिता ना?" मी विचारायची. "घोटभर," तो म्हणायचा आणि पिशवी उचलायचा. मी फुलांची पुडी त्याच्या खिशात कोंबली, म्हटलं, घरोघरी नुसतं गरम पाणी मागा. एक दिवस त्याने मागितलंही. वरच्या पाड्यावरची काशीआजी बिथरली. "पान्यावर बोळवू का तुला? माझ्या घरातली साखर सरली का?" तेव्हा त्याने माझ्यासाठी फुलांचा चहा घेतला आणि आजीसाठी साखरेचा. वर मला कौतुकाने सांगतो, दोघींचा मान राखला. मी संतापून म्हणाले, "दादा, तुम्ही मराल." तो हसला.

शिमग्यानंतर अंगठा काढला. महिन्याभरात चप्पल कापून घेऊन तो पुन्हा वाटेला लागला. गेल्या थंडीत पाय पुन्हा चिघळला, ताप चढला आणि चार दिवसांत नवसूदादा गेला. मला रडण्याआधी राग आला. तो राग अजून गेलेला नाही.

नवा माणूस येईपर्यंत टपाल मीच वाटत होते. ठरवूनच निघाले होते की प्रत्येक घरी सुनवायचं, तुमच्या साखरेने माझा माणूस खाल्ला. पहिल्याच घरी बाईने डोळे पुसले. "दादा दुसरं कुठं चहा घेयाचा नाय, ताई. डॉक्टरनं बंद केला होता ना. दिवसाला एकच कप चालायचा. बोलायचा, तो तुझ्या घरचा ठेवलाय." पुढच्या घरी तेच, शब्दाला शब्द. त्याच्या पुढच्या घरीही तेच. मी बांधावर बसले आणि आजूबाजूला कुणी नाही बघून त्याला मोठ्याने शिव्या घातल्या.

काशीआजीच्या ओट्यावर पोचले तेव्हा ती माझीच वाट बघत असावी. पत्राकडे तिने पाहिलंही नाही. हात धरून तिने मला जवळ बसवलं.

"तुला दवाखान्यातला सगळा माहीत हाय, ताई. खरा सांग. माझ्या एका कपानं त्याला काय झाला नसंल ना?"

दिवसभर घोकलेलं सगळं ओठांवर होतं.

"नाही, आजी," मी म्हणाले. "एका कपाने काही होत नाही."