कमान हौदात आहे

शैला, ये गं, अशी जवळ बस. कागदावर कुणी जवळ बसतं का म्हणशील, पण बस. आधी चार शब्द ऐकून घे. बाप जाऊन दीड महिना झाला, नांदेडहून लातूर म्हणजे काही विलायत नाही, एस्टीत बसलं की झालं. तरी तुझा पाय इकडं वळला नाही, फोन तेवढा वळला. आणि विचारलंस काय, तर "मावशी, खोल्यांना रंग देऊ, का फरशी बदलू, का क्यामेरे बसवू? पैसा बेताचा आहे, सुट्टी त्याहून बेताची. कशात घालू?" अगं, हे ज्याला विचारायचं तो माणूस गेला. मी "बघू" म्हणून फोन ठेवला आणि मग लिहायलाच बसले. पेपरच्या पुरवणीत आलं तर आणखी चार घरं वाचतील. ज्यांच्या खोल्या भाड्यानं आहेत त्यांना हा प्रश्न पडतच असतो.

वाचणाऱ्यांना सांगते, शैला म्हणजे दिगंबर मुनीमांची लेक. मी त्यांना भाऊ म्हणायची. शेवटच्या दुखण्यात तिनं त्यांना नांदेडला नेलं आणि तिथंच ते गेले. बातमी आली तेव्हा मी त्यांच्या चाळीतल्या हौदाची तोटी उघडून उभी होते. सकाळची वेळ, बायकांच्या घागरी रांगेला. जावयाचा फोन आला. मी ऐकलं, हूं म्हटलं, आणि तोटी बंद केली नाही... उरलेल्या घागरी भरू दिल्या. नंतर एकजण म्हणाली, "मावशी, तुमच्या डोळ्यात टिपूस नाही." नव्हतं खरं. पाणी अर्ध्यावर तोडलेलं भाऊंना कधी चाललं नसतं, एवढंच तेव्हा डोक्यात आलं.

लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमाराची गोष्ट. आमच्या ह्यांची नांदेडहून नव्या कलेक्टर कचेरीत बदली झाली. कचेरी नवी, साहेब नवे, कारकून तर गाडी भरभरून आलेले, आणि गावात खोल्या मोजक्या. त्यात आम्ही बौद्ध. खोली बघायला गेलं की आधी गाव विचारायचे, मग आडनाव, आणि मग "अरेरे, कालच दिली बघा." माझं माहेर मुदखेड, तिथं जंक्शनवर किती गाड्या चुकलेल्या बघितल्या, पण खोली रोज अशी कालच चुकते हे लातुरात कळलं.

फिरत फिरत शेठच्या खोल्यांवर पोचलो. शेठ उदगीरचा, धान्याचा आडत्या. लातुरात त्याची एका ओळीत दहा खोल्यांची चाळ होती, मधे अंगण, अंगणात दगडी हौद. सगळा कारभार त्याच्या मुनीमाकडं, म्हणजे भाऊंकडं. आम्ही गेलो तर खोलीचं दार आतून लोटलेलं. ह्यांनी ढकललं. आत रिकाम्या फरशीवर चटई टाकून एक माणूस घामाघूम निजलेला. उठला, टोपी घातली आणि म्हणाला, "या. खोली बघून राहिलो होतो."

निजून कुणी खोली बघतं का? भाऊ बघायचे. खोली रिकामी झाली की नवं बिऱ्हाड यायच्या आधी एक अख्खी दुपार ते तिथं काढायचे, तीही कडक उन्हाची, दार लोटून. मग खोटं नाणं पारखावं तशी खोलीची खोट सांगायचे. आम्हाला म्हणाले, "ही भिंत पश्चिमेची. चारनंतर तव्यावानी तापती. चूल तिकडं नका मांडू. मोरीचं पाणी जरा तुंबतं, ते मी उद्या काढून देतो. शेजारचे मास्तर रेडिओ मोठ्यानं लावतात, त्यांना मी सांगणार न्हाई, तुम्हीच सांगा."

ह्यांनीच आडनाव सांगून टाकलं. म्हटलं उगी नंतर नको. भाऊंनी मान हलवली. "बदलीचा माणूस, पगार बांधलेला, बाई बोलकी. मला असाच भाडेकरू पाहिजे. बाकी मला खोलीचं बघायचंय." तेव्हा मला ते लई मोठं वाटलं. पुढं ध्यानात आलं की त्यात मोठेपणा फारसा नव्हता, त्यांचा हिशेबच तसा होता. खोली रिकामी राहिली की मरती, असं ते म्हणायचे. टिकणारा माणूस त्यांना हवा होता आणि आमच्याकडं बघून त्यांना वाटलं, हे टिकतील.

मग दुष्काळ आला. आधी विहिरीनं तळ दाखवला, मग टँकरवर हौद भरायला लागला. बायका हौदात बादली बुडवून पाणी काढायच्या. माझी बादली बुडाली की मास्तरांची कमलबाई आपली बादली बाजूला घ्यायची. बोलायची काही नाही. पण टँकर सकाळी हौद भरून जायचा आणि दुपारपर्यंत पाणी कंबरेइतकं खाली. सगळ्या बायका एकमेकींच्या घागरी मोजायला लागल्या. एक दिवस कमलबाई सगळ्यांसमोर बोललीच, "नवं बिऱ्हाड आलं अन् हौद आटला. पाण्यालाबी कळतंय."

मी म्हटलं, "पाण्याला कळत असतं तर वैनी, आधी तुमच्या नवऱ्याच्या रेडिओवर पडलं असतं." हसल्या सगळ्या, पण बोल गावात फिरला आणि उदगीरला पोचला.

शेठ आला तो दोन कामं घेऊन. पहिलं काम कमान. आता साहेब लोक ह्या रस्त्यानं जातात, दर्शनी लोखंडी फाटक लावा, त्यावर सिमेंटची कमान घाला, कमानीवर वडलांचं नाव. मोठ्या पगाराचे भाडेकरू येतील. त्याचे पैसे तो भाऊंच्या हातात देऊन गेला. आणि दुसरं काम आम्ही. "हे बिऱ्हाड महिनाअखेर हलवा. तक्रार आलीय." मी दारातच उभी होते, माझ्याकडं न बघता म्हणाला. भाऊ म्हणाले, "महिना सरू द्या शेठ." नाही म्हणाले नाहीत, होयही म्हणाले नाहीत.

घरात मी पेटी काढली. ह्यांना म्हटलं, परत सुरू करा, गाव, आडनाव, कालच दिली.

दुसऱ्या दिवशी टँकर येऊन गेला, सगळ्यांनी पाणी भरलं, आणि भाऊंनी हौदाचं झाकण लावलं. त्याआधी आत वाकून पाण्याच्या पातळीला कोळशानं एक रेघ मारली. मग झाकणावर चटई टाकली आणि त्यावर बसले. भर उन्हात, डोक्याला पंचा. "चारपर्यंत कुणी पाणी काढायचं न्हाई. मीबी न्हाई. समदे बघा." जसे खोलीत निजायचे तसे हौदावर बसले. अंगणभर बायका आपापल्या दारात. कमलबाईची नजर माझ्यावर, माझी तिच्यावर. कुणी हललं नाही.

चार वाजता झाकण उघडलं. पाणी रेघेच्या चांगलं वीतभर खाली.

भाऊ उठून हौदामागं गेले. तिथं, हौदाची भिंत जमिनीला भिडते त्या सांध्यात, पिंपळाचं रोप होतं. कमरेएवढं झालेलं. गल्लीत त्या उन्हाळ्यात एक हिरवं पान नव्हतं आणि हे बेटं तेल लावल्यागत चमकत होतं. बायका शनिवारी त्याला हळदकुंकू वाहायच्या. भाऊ रोज अंघोळ झाली की त्याच्यापुढं हात जोडायचे, डोळे मिटून. दहा खोल्यांची मोरी न् मोरी बघणारा माणूस, पण ज्याच्यासमोर रोज डोळे मिटायचे ते तेवढं दिसलं नाही. खाली बसले आणि म्हणाले, "मीच वाढवला ह्याला... बोटाएवढा होता तवा."

गवंडी आला. मुळी हौदाच्या आत गेल्यात म्हणाला, रोप काढल्याबिगर गिलावा धरणार नाही. "पण मालक, पिंपळाला मी हात लावत न्हाई. दुसरं काहीबी सांगा." मास्तर म्हणाले श्रद्धा-अंधश्रद्धा वेगळी, पण मलाही नका सांगू. कमलबाई म्हणाली वंशाला लागतंय. भाऊंनी कुदळ उचलली आणि परत ठेवली. आता गंमत बघा, पिंपळ आमचाही. बुद्धांना ज्याच्याखाली ज्ञान झालं ते झाड, आम्ही त्याचं पान पायाखाली येऊ देत नाही. म्हणजे अख्ख्या अंगणात त्याला उपटणारं एकही माणूस नाही, आणि पाणी चाललंय मातीत.

मीच म्हटलं, "भाऊ, उपटायचं कशाला? मला घर बदला म्हणताय ना? तसं ह्याचं बदलू."

भाऊंनी बाह्या वर सारल्या. मग म्हणाले, "आणा कुदळ." मी खणत गेले, ते हातानं माती काढत गेले. मुळी तोडावी लागली तिथं दोघंही थांबलो, एकमेकांकडं बघितलं, आणि मी तोडली. रस्त्याच्या पलीकडं मोकळी जागा होती, तिथं रोप नेऊन लावलं. कमलबाई सगळं संपेपर्यंत दारातून हलली नाही. आत जाताना एवढंच म्हणाली, "जगलं पाहिजे हां ते."

हौद आतून खरवडला, नव्यानं गिलावा केला, भिंतीत खालच्या अंगाला पितळी तोटी बसवली आणि झाकणाला कुलूप. म्हणजे कुणाचीच बादली आता आत बुडणार नाही. कमानीचे पैसे त्यात गेले.

महिनाअखेर शेठ आला. इकडून बघितलं, तिकडून बघितलं. "मुनीम, कमान कुठाय?"

भाऊंनी झाकण उघडलं. "हौदात हाय. वाका जरा, दिसंल."

शेठ लई भडकला. माझ्या बापाचं नाव हौदात बुडवलं म्हणाला. भाऊंनी बोलू दिलं. मग म्हणाले, "शेठ, कमान बघून माणूस आत येतो. पण राहतो ते मोरी, छत आन् पाणी बघून. माझ्या हातात पैसा थोडा, दिवस थोडे. ते मी राहणाऱ्यावर घालतो. येणाऱ्याचं नंतर बघू."

"आन् ते बिऱ्हाड? हललं न्हाई अजून."

"कुलपाची किल्ली त्यांच्याकडं दिलीय. टँकरचं पाणी दहा घरांना बिनभांडणाचं वाटायचं म्हणजे तोंडाळ बाई पाहिजे. तशी दुसरी मिळाली की सांगा, हलवतो."

किल्ली माझ्याकडं दिलीय हे मलाही तेव्हाच कळलं. भाऊंनी ती खिशातून काढली आणि शेठच्या देखत माझ्या हातावर ठेवली. शेठनं आम्हा दोघांकडं बघितलं, हौदाकडं बघितलं आणि गाडीची वेळ झाली म्हणाला. आमचं बिऱ्हाड तिथं पोरं मोठी होईस्तोवर राहिलं. पुढं त्याच गल्लीत घर बांधलं.

पहिल्या दिवशी कमलबाईची घागर आली नाही. नंतर आली. तोटीखाली ठेवून आभाळाकडं बघत म्हणाली, "धार बारीक नका सोडू." मी मोठी सोडली.

मला तेव्हा बरं वाटलं का? अर्धं वाटलं. कारण तोटी लागली म्हणून बादलीचा प्रश्न मिटला, मनातला मिटला असं नाही. एकदा भाऊंना विचारलंच, तुम्ही कमलबाईला एक शब्द का बोलला नाहीत? ते मोरी काढत होते. वर न बघता म्हणाले, "ताई, माणसाचं मन दुरुस्त करायला माझ्याकडं गवंडी न्हाई. हौदाला होता." मला ते तेव्हा पटलं नाही. आजही पुरतं पटत नाही. पण किल्ली माझ्याकडं आहे, हेही खरं.

पुढं शेठच्या पोरांनी ती चाळ भाऊंनाच विकली. मालक झाले तरी सवय तीच. ह्या उन्हाळ्यात कोपऱ्यातली खोली रिकामी झाली. मी ताक घेऊन गेले तर त्या वयात फरशीवर चटई टाकून पडलेले. मी रागावले, "भाऊ, आता कूलर लावून पडायचे दिवस आहेत." म्हणाले, "कूलर लावला तर खोली काय सांगंल? जरा थांबा... छतात काहीतरी टिकटिकतंय, ते बघून राहिलोय." तीच शेवटची भेट. त्यानंतर तू त्यांना नेलंस.

ती टिकटिक कशाची, ते सांगायचं राहून गेलं. मी जाऊन बसले होते एक दुपार, पण माझे कान आता कामाचे नाहीत. पिंपळ पलीकडं मोठा झालाय, त्याच्या सावलीत रिक्षा थांबतात, त्यांचे हॉर्न तेवढे ऐकू आले.

तर शैला, रंगाचं मी काय सांगू? तो कॅटलॉगमध्ये दिसतो. भाऊंचं सांगणं फरशीवर पडून ऐकायचं असतं. ती खोली मी कुणाला दाखवली नाही, माणसं विचारून गेली तरी. चटई तिथंच आहे, मी झटकून ठेवलीय. ऊन आहे तोवर ये. माझ्याकडं दोन घास खा आणि एक दुपार दार लोटून तिथं नीज. हौदाची किल्ली तुला द्यायची की माझ्याकडंच ठेवायची, ते उठलीस की बोलू. ये गं लवकर, पहिली सर पडायच्या आत ये... छतात काय वाजतंय ते बघायचंय.