चिंचेच्या जागचं ऊन

आमच्या झारिया गावात मालम जुनैदूला ओळखत नाही असा माणूस सापडणं कठीण, आणि त्याची चेष्टा केली नाही असा तर मुळीच सापडायचा नाही. मालम म्हणजे गुरुजी; विद्यापीठात तो भूगोल शिकवतो. लांब पांढरा झगा वर खोचून सायकलवरून कामाला जातो. बाजारात प्लॅस्टिकच्या पिशवीला हात लावत नाही. कांदे सुटेच झग्याच्या खिशात टाकून आणतो. मशिदीत नमाजाआधी हातपाय धुताना, वुजू करताना, नळ सोडून बसलेला कुणी दिसला की हा त्याच्या डोक्यावर उभा, आणि सांगणार की बाबा रे, पैगंबरांनी वाहत्या नदीकाठीसुद्धा पाणी जपून वापरायला सांगितलंय. त्याची बायको बिल्कीसू म्हणते, आमचे मालम जन्नतीत गेले तर तिथल्या नद्यांनाही तोट्या बसवतील.

माणूस वाईट नाही. बोलतो तसं वागतो, आणि हे हल्ली दुर्मीळच. म्हणून तर दर गुरुवारी दुपारच्या नमाजानंतर गावच्या रेडिओवर त्याला बोलावतात. श्रद्धा, घरसंसार, झाडं, पाणी, कचरा, असं सगळं तो एका दोरीत ओवून सांगतो. नाक्यावर कोसाई, म्हणजे चवळीचे वडे, तळणारी बाईसुद्धा झारा थांबवून ऐकते.

सगळ्यांत कान देऊन ऐकते ती त्याची आई, इन्ना. पण हे ती मेली तरी कबूल करायची नाही. कारण जुनैदू तिचा पहिला मुलगा. आमच्यात पहिल्या मुलाचं नाव आई तोंडावर आणत नाही. त्याचं कौतुक करत नाही, त्याला रागावत नाही, चारचौघांत त्याच्याकडे धड बघतही नाही. याला आम्ही लाज म्हणतो, आणि जिला ती नाही तिला बायका नावं ठेवतात. पोराचं दूध सुटलं की आजी त्याला उचलून आपल्या घरी नेते. जुनैदूही तसाच आजीकडे वाढला. धाकट्या लेकीला, तलातूला, इन्ना मांडीवर घ्यायची, शिव्या घालायची, तिच्या वेण्या घालताना खदखदून हसायची. आणि जुनैदू दारात आला की डोक्यावरची ओढणी पुढे ओढून तोंड फिरवायची. तो समोर उभा असताना तलातूला सांगायची, "त्याला विचार, जेवला का." त्याची पन्नाशी उलटली तरी तेच. नवऱ्याचं घर सोडून माहेरी परतलेली, जिभेची तिखट तलातू या दोघांच्या मधली टपालपेटी होऊन बसली होती.

त्यांच्या अंगणात चिंच होती. अर्धं अंगण आणि निम्मं छप्पर तिच्या सावलीत. गल्लीतल्या बायका तिच्याखाली बसून शेंगदाणे सोलायच्या आणि उभ्या झारियाची उणीदुणी काढायच्या. रमजानच्या तोंडावर घराघरातून टोपल्या यायच्या, कारण रोजा सोडताना जी बाजरीची आंबट पेज लागते तिची चिंच सगळ्या गल्लीला याच झाडाची. जुनैदूचे वडील, मालम गरबा, जाऊन बरीच वर्षं झाली होती. पण पेजेचा पहिला घोट घेऊन म्हातारे म्हणायचे, गरबाला पोचलं. जुनैदूनेच तर रेडिओवर सांगितलं होतं की माणसानं झाड लावावं, आणि त्याचं फळ माणसानं, पाखरानं, जनावरानं खाल्लं, तर ते लावणाऱ्याच्या नावे दान म्हणून लागतं, तो मेल्यावरही.

आता दिव्यांचं. आमच्याकडे वीज येते ती पाहुण्यासारखी, आणि जाते तीही न सांगता. त्यामुळे घरोघरी जनरेटर. मालम जुनैदू स्वच्छ हवेवर भाषण लिहायला बसायचा आणि स्वतःच्याच जनरेटरच्या धुरानं खोकायचा. ही त्याला स्वतःची लबाडी वाटे. शेवटी त्यानं छपरावर सौर पट्ट्या बसवायचं ठरवलं. बसवणारा आला, वर बघितलं आणि म्हणाला, एक तर ही चिंच नाहीतर पट्ट्या. जुनैदूनं कागद घेऊन गणित मांडलं: जनरेटरचा किती धूर वाचेल, आणि एक झाड किती शोषून घेतं. उत्तर पट्ट्यांच्या बाजूनं आलं. गणितात चूक नव्हती, आणि तिथंच घात झाला.

त्यानं तलातूकडून इन्नाला विचारलं. तलातू आत गेली, लगेच परत आली.

"म्हणाली, घर त्याचं आहे, त्याला कळतं. दादा, हा होकार नाही हं. ती तुला नाही कशी म्हणेल? आजवर तुला भांडंभर पाणी मागितलं नाही तिनं."

"पण नाही म्हणाली नाही ना?" जुनैदू म्हणाला.

हे वाक्य त्याला पुढं घास गिळताना आठवायचं. कारण त्याला माहीत होतं. नाही म्हणणं जिला जन्मात जमणार नाही तिला विचारायचं, आणि विचारलं म्हणून मोकळं व्हायचं, ही युक्ती त्यानं समजून उमजून केली होती. इन्ना कादुनाला नातीच्या बाळाच्या बारशाला गेली, नेमका तोच दिवस त्यानं लाकूडतोड्यांना दिला. योगायोग, असं त्यानं बिल्कीसूला सांगितलं. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि भाकरीचं पीठ मळायला घेतलं.

इन्ना परत आली. दारात क्षणभर थांबली. मग तलातूला चटई आणायला सांगून ती जिथं रोज बसायची तिथंच, उरलेल्या बुंध्याशेजारी, उन्हात बसली आणि शेंगा सोलायला लागली. दुसऱ्या दिवशीही तेच. बुंध्याभोवती भिंतीची सावली असेल तोवर चटई सावलीबरोबर सरके. सावली संपली की ओलं फडकं डोक्यावर घेऊन ती उन्हात बसे. बिल्कीसूनं ओसरीवर खुर्ची मांडली, तर म्हणाली, इथंच बरं वाटतं. जुनैदूनं मोठी छत्री आणली. इन्नानं ती उघडून तिच्याखाली कोंबडीची पिल्लं ठेवली.

घरात दिवे लागले. पंखा फिरायला लागला. शेजारीपाजारी फोन चार्ज करायला यायचे आणि मालमला दुवा देऊन जायचे. पण पंख्याचा वारा अंगाला लागला की त्याला चोरीचा माल वापरल्यासारखं वाटे. नमाजात उभा राहिला की मनात बाप यायचा. त्याच्या पदरात पडणारं पुण्य आपण आपल्या हातानं तोडलं, तेही पुण्याच्या नावाखाली. इन्नानं एकदा शिव्या घातल्या असत्या, तलातूला घालते तशा, तर त्या त्यानं गोड मानून घेतल्या असत्या. पण पहिल्या मुलाच्या वाट्याला आईच्या शिव्याही येत नाहीत. त्यानं कुंपणाकडेनं रोपं लावली. तलातू म्हणाली, "छान. यांची सावली पडेल तेव्हा तिच्यात बसायला इन्ना नसेल, आणि तूही नसशील."

रमजान जवळ आला. एका सकाळी गल्लीतल्या दोघी सवयीनं टोपली घेऊन दारात आल्या, वर बघितलं, ओशाळून हसल्या आणि सहजच आलो होतो म्हणत परत गेल्या. जुनैदू खिडकीतून बघत होता. त्या दिवशी गुरुवार होता, आणि विषय आधीच जाहीर झाला होता: झाडाचं दान.

रेडिओवर त्यानं नेहमीसारखी सुरुवात केली. पैगंबरांचं वचन सांगितलं, आणि पाखरं, जनावरं इथवर येऊन अडकला. तिकडं घरात खोलीच्या कोपऱ्यात ओढणीखाली रेडिओ धरून कोण ऐकतंय, हे त्याला माहीत होतं. आयुष्यात आईशी सरळ बोलायला त्याला एवढीच एक जागा होती.

"हे मी तुम्हाला अनेकदा सांगितलं," तो म्हणाला. "आणि माझ्या बापाचं झाड मी तोडलं. नाही म्हणता येणार नाही अशा रीतीनं आईला विचारलं, आणि ती गावाला गेल्यावर तोडलं. गणित बरोबर होतं. मी बरोबर नव्हतो."

निवेदक दोनदा खाकरला आणि त्यानं घाईघाईनं बाजरीचे भाव वाचायला घेतले.

गावाला मजाच झाली. परतीच्या वाटेवर मशिदीपाशी एकानं नळाकडे बोट दाखवून विचारलं, मालम, आता जरा सोडू का मोकळा? जुनैदू सायकल हातात धरून पुढे गेला.

अंगणात इन्ना चटईवर होती. शेजारी रेडिओ, उघड्यावर. आजवर तिनं तो त्याच्यासमोर कधी ठेवला नव्हता. तिनं तोंड भिंतीकडे फिरवलं आणि तलातूला म्हणाली, "त्या रेडिओवाल्याला सांग, झाड त्याच्या बापाचं नव्हतं."

तलातूनं सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

"बापानं एक तांब्या पाणी घातलं नाही त्याला. मी लावलं. याची आजी याला घेऊन गेली ना, त्या दिवशी. अंगण खायला उठलं होतं. पोराचं नाव घ्यायचं नाही, हे मला सगळ्यांनी बजावलं होतं. झाडाला काय म्हणून हाक मारायची, हे कुणी सांगितलं नव्हतं."

जुनैदूला आठवलं. लहानपणी सणाला घरी आला की पहाटे जाग यायची. इन्ना चिंचेला पाणी घालत असायची आणि तिच्याशी काहीतरी बोलत असायची. त्याला वाटायचं, दुवा म्हणतेय. झाड कुणी लावलं, हे त्यानं कधी विचारलंच नाही. बापाच्या घरातलं ते बापाचं, असं धरून चालला. बापाचं पुण्य कदाचित विहीर खणून, रोपं वाटून भरून काढता आलं असतं. हे कशानं भरायचं, त्याला समजेना. पन्नास वर्षांचं आपलं नाव त्यानं मजूर लावून तोडलं होतं आणि ओंडके करून सरपणाला दिलं होतं. तिथं उभ्या उभ्या त्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते त्यानं पुसलंही नाही.

ऊन डोक्यावरून थोडंसं कललेलं. काय करावं ते न कळून तो दोन पावलं सरकला आणि इन्ना नि सूर्य यांच्या मधे उभा राहिला. झग्याची सावली चटईवर पडली. इन्नाचे हात थांबले. मग तिनं मान वळवली आणि सरळ त्याच्याकडे पाहिलं.

"जुनैदू," ती म्हणाली. "ऊन लागेल तुला. आत जा."

तलातूच्या हातातली शेंग तशीच राहिली.

तो आत गेला नाही. तिसऱ्या प्रहरी असरची बांग होईपर्यंत, ऊन सरकेल तसा सरकत, तो तिथं उभा राहिला. इन्ना मान खाली घालून शेंगा सोलत होती. एवढ्या उंच माणसाच्या सावलीत तिचे गुडघे तेवढे मावत होते.